अळूच्या वाफ्यात सोडलेले जीव

आमचा शंभूराज फौजेतून पेन्शनीवर घरी आला, त्या वर्षीची ही गोष्ट. आळीनं त्याला उघड्या जीपमधून मिरवला, पुढं बँड होता. मी दारात त्याला ओवाळलं आणि आता हा घरात राहील म्हणून कणग्या, खाटा सगळं नीट लावून घेतलं. महिनाभरात तो पुण्याला एका कंपनीत सुरक्षेच्या नोकरीवर गेला. मागोमाग सून दीपमाला गेली. साताऱ्यात करंजे भागातलं हे घर त्यानं माझ्यासाठी बांधलं असं तो सगळ्यांना सांगतो, पण एका म्हातारीला एवढं घर म्हणजे नुसतं झाडत बसायचं काम. दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची. म्हणून पुढची खोली भाड्यानं द्यायची ठरवली.

आषाढात कीर्ती आली. सांगलीजवळच्या, वारणेकाठच्या एका गावातल्या जैन शेतकऱ्याची नात. सांगलीतच विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकत होती, आणि तीन-चार महिने साताऱ्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाचं काम शिकायला तिची निवड झाली होती. अंगानं बारीक, चष्मा, केसांची घट्ट वेणी. आल्या आल्या तिनं विचारलं, "आजी, तुमच्याकडे मटण शिजतं का?"

"शिजतं की. तुला पायजे का?"

"नको, नको! मी दुसरीकडं खोली बघू का, म्हणून विचारलं."

मी म्हणाले, "आगं, माझे दात गेल्यापासून मटणानंच मला सोडलंय. ऱ्हा तू निवांत."

राहिली, पण निवांत काही राहिली नाही. पहिल्या आठवड्यात तिनं खाट तीन ठिकाणी हलवली. खिडकीखाली ठेवली तर पावसाची झड येते, भिंतीकडं सरकवली तर ओल आहे, दाराजवळ आणली तर झोप लागत नाही. टेबलाचंही तसंच. मी आपली कांदा चिरत ऐकायची, आत फरशीवर खाट खरडल्याचा आवाज. बाहेर आली की अंगणात फेऱ्या. हात तर इतक्यांदा धुवायची की माझी साबणाची वडी आठवडाभर पुरेना.

जेवणाचं आणखी वेगळं. दिवस मावळला की तिच्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही. प्रयोगशाळा सुटली की ती धावत यायची, छत्री एकीकडं, पिशवी एकीकडं. साताऱ्याच्या पावसाळ्यात सूर्य दिसतो कुठं? सगळं आभाळ यवतेश्वराच्या डोंगरावर टेकलेलं. मग ती मोबाईल काढून बघायची.

"आजी, अजून पंधरा मिनिटं आहेत. वाढा लवकर."

"मोबाईलात सूर्य बघणारी पोर पैल्यांदाच बघितली बाई," मी म्हणायची आणि भाकरी ताटात टाकायची. तिच्या पायी माझीही जेवायची वेळ अलीकडं आली. मग रात्री मला भूक लागायची, आणि मी चोरून शेंगदाणे खायची. तिला ते माहीत होतं. "उंदीर फार झालेत घरात," असं म्हणून हसायची. हसली की बरी दिसायची. पण ते क्वचित.

एकदा संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. हातात पिशवी.

"आजी, गाजर कसं कापतात?"

मला वाटलं, थट्टा करते. पण तिनं खरंच जन्मात गाजर कापलं नव्हतं. जमिनीखाली वाढणारं बटाटा, गाजर, मुळा काही त्यांच्या घरात येत नाही.

"आता खाणार हाईस व्हय?"

"मी नाही. त्यांना लागतात. पातळ चकत्या करायच्या. लॅबमध्ये मला धड जमत नाहीत, सगळे हसतात."

"त्यांना म्हंजे कुणाला?"

तेव्हा ती उंबऱ्यातच खाली बसली आणि सगळं सांगितलं. तिचं काम होतं हुमणीवर. मी कडेगावची, ऊस बघतच वाढले, मला हुमणी सांगायला नको. पांढरी, जाड, वाकडी अळी. मातीत राहते, उसाची मुळं खाते. वरून ऊस पिवळा पडतो आणि हात लावला की सबंध बेट उपटून हातात येतं. तर ही हुमणी मारणारी एक बुरशी असते. अळीला ती लागली की अळी मरते आणि मेल्यावर हिरवी होते. कुठल्या जातीची बुरशी लवकर मारते, हे कीर्तीला बघायचं होतं. एका डब्यात एक अळी, थोडी माती, खायला गाजराची चकती. निम्म्या डब्यांत बुरशी घालायची, त्यांना लाल चिठ्ठी. निम्मे तसेच ठेवायचे, त्यांना निळी. रोज झाकण उघडून कोण जिवंत, कोण मेलं ते बघायचं.

"औषधाची फवारणी करण्यापेक्षा हे बरं आहे आजी. मातीत विष जात नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण अज्जांना मी सांगितलंय, मातीचा अभ्यास आहे म्हणून."

अज्जा म्हणजे आजोबा, जिनदत्त पाटील. आईबापापेक्षा तिला ते जवळचे. त्यांच्या उसात मागं हुमणी लागली तेव्हा शेजाऱ्यांनी औषध ओतलं, झाडाखाली दिवे लावून हुमणीचे भुंगेरे पकडले, रॉकेलच्या पाण्यात बुडवले. अज्जांनी आपल्या रानात तसलं काही करू दिलं नाही. नांगरताना, पाणी पाजताना जीव मरतात ते शेतकऱ्याला चुकत नाही, असं ते म्हणायचे. पण बघून, ठरवून मारायचं नाही. ऊस गेला तो गेला. पुढं त्या तुकड्यात त्यांनी ऊस लावलाच नाही.

"आणि मी रोज बघून, ठरवून मारते," कीर्ती म्हणाली.

"मग सांगून टाक की त्यास्नी."

"ते मला परत बोलावतील."

"न्हाईतर सोडून दे."

"सोडायचं नाही मला." हे मात्र तिनं लगेच सांगितलं. "मला हे काम आवडतं आजी. तेच तर वाईट आहे."

मी तिला गाजर कापून दाखवलं.

श्रावणात प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं. दुरुस्ती होईपर्यंत ज्यानं त्यानं आपलं सामान सांभाळावं, असं त्यांच्या मॅडमनी सांगितलं आणि कीर्ती रिक्षात घालून ते सगळे डबे घरी घेऊन आली. खोलीतल्या फळीवर डब्यांची रांग लागली. वर लाल-निळ्या चिठ्ठ्या. त्या दिवसापासून ती आणखीच सैरभैर झाली. बाहेर गेली तरी अर्ध्या वाटेवरून परत यायची, दार लागलंय का बघायला.

आणि त्याच आठवड्यात, न सांगता, जिनदत्तअण्णा आले.

शनिवारी दुपारी दारात उभे. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी. पिशवीत ज्वारीचं पीठ, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, तूप. "जय जिनेंद्र," म्हणाले. "मी कीर्तीचा अज्जा. पोरगी फोनवर लय बारीक आवाजात बोलतीया. म्हटलं, बघून यावं."

माणूस गोड होता. आत येऊन पहिलं काय केलं तर पिशवीतून फडकं काढून माझ्या नळाला बांधलं.

"आवं अण्णा, नगरपालिकेचं गाळलेलं पानी हाय ते," मी म्हणाले.

"असू दे की. नगरपालिका तिच्यासाठी गाळती, मी माझ्यासाठी गाळतो."

कीर्ती आली ती त्यांना बघून जागच्या जागी थांबली. मग पाया पडली. अण्णा तिच्या खोलीत गेले, फळीकडं बघितलं.

"हीच व्हय तुझी माती?"

"हो अज्जा."

"कुठली कुठली हाय?"

"कोरेगावकडची. कराडकडची पण आहे."

"आन कोपऱ्यात ही गाजरं?"

कीर्तीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आजींची आहेत."

"व्हय व्हय, तुमच्यात चालतं," अण्णा म्हणाले आणि विषय संपला. दोघांच्या मधलं ते त्या दोघांनी बघायचं होतं. जेवताना मात्र पोर भाकरी नुसती कुस्करत बसली, आणि अण्णांना वाटलं माझ्या हाताला चव नाही. त्यांनी तिच्या भाकरीवर स्वतःच तूप ओतलं.

रविवारी सकाळी मी मारुतीला जाऊन, येताना दूध घेऊन आले. कीर्ती न्हाणीत होती. परसात बघते तर अण्णा अळूच्या वाफ्याशी उकिडवे बसलेले, हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले.

"या बाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळलेला की काय सांगू. "सकाळी उठून बसलो होतो. म्हटलं, पोरीची माती बघावी. एक डबा उघडला तर आत किडा. दुसरा उघडला, त्यातबी किडा! लय जीव अडकलं हुतं हो. हुमणीच हाय, पर जीव त्यो जीव. मातीसंगं आलं असणार, पोरीला ठाव न्हाई. एकेक उचलून हितं सोडला. ओली जागा हाय, जगत्याल बिचारी."

सगळं होऊन गेलं होतं. वाफ्यातली माती वर हातानं सारखी केलेली होती.

कीर्ती ओल्या केसांनी बाहेर आली.

"बाळ, तुझी माती जशीच्या तशी ठेवलीया बघ," अण्णा तिला म्हणाले. "एक चिमूट सांडली न्हाई. चिठ्ठ्याबी हालल्या न्हाईत. आत शिरलेलं किडं तेवढं सोडलं. बाईंच्या गाजराचं तुकडंबी आत पडलं हुतं, ते तसंच ठेवलं. तुझ्या अभ्यासाचं असलं तर?"

ती आत गेली. एक झाकण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बरं केलंत अज्जा," ती म्हणाली.

दुपारच्या एसटीनं अण्णा गेले. जाताना नळाचं फडकं तसंच ठेवून गेले, म्हणाले, असू दे तुमाला. ते वळणाआड गेल्यावर मी पोरीला म्हणाले, "खणून काढू या का? अजून हितंच असतील."

"काढून काय करू? लाल डब्यातली कोण आणि निळ्यातली कोण, कुणाच्या तोंडावर लिहिलंय का?"

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं खरं सांगितलं. मॅडम रागावल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, वेळ आहे, पुन्हा सुरू कर. ती शेतातून नव्या अळ्या खणून घेऊन आली. मी म्हणाले, "मॅडमला सांगायला जीभ हाय, अज्ज्याला सांगायला न्हाई व्हय?"

ती ताड्‌कन म्हणाली, "मॅडमना काय, त्यांना राग आला, संपला. अज्जांचं तसं नाही." आणि अंगणात फेऱ्या मारायला गेली.

तिकडं अण्णा गावभर सांगत होते. त्यांच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. बस्तीत रोज माणसं जमायची, तिथं अण्णा सांगायचे, आमची कीर्ती मातीचा अभ्यास करतीया, आणि मी जाऊन तिच्या डब्यातनं एवढं जीव सोडवलं. फोनवर तिला विचारायचे, "बाईंच्या अळवात किडं बरी हाईत का गं?" ती म्हणायची, "बरी आहेत." फोन ठेवला की खाट सरकवल्याचा आवाज यायचा.

गौरी आल्या. गौरीच्या जेवणाला अळूचं फदफदं करावं म्हणून मी परसात गेले तर वाफा मान टाकून पडलेला. पानं पिवळी. एक देठ ओढला तर सबंध कांद्यासकट हातात आला. मी कीर्तीला हाक मारली. तिनं खुरपं घेतलं आणि खणायला लागली. पहिल्यांदा दोन-तीन जाड, जिवंत अळ्या निघाल्या. तिचा चेहरा जरा सैल झाला. मग खाली खाली, एकामागून एक, ताठ झालेल्या हिरव्या. अंगावर हिरवी पूड बसलेली, जणू शेवाळलेले खडे.

"एवढ्या?" मी म्हणाले. "निम्म्यांनाच बुरशी हुती म्हणालीस."

"निम्म्यांनाच होती. निळ्या डब्यातल्या चांगल्या होत्या आजी. त्या तिथं राहिल्या असत्या तर जगल्या असत्या. एकत्र सोडल्यावर एकीची दुसरीला लागली." ती खुरपं धरून तशीच बसली. "मी खोटं बोलले, म्हणून अज्जांनी सोडलं. सोडलं, म्हणून या मेल्या."

त्या दिवशी मोबाईलात सूर्य असतानाही ती जेवली नाही.

जैनांचं दहा दिवसांचं पर्व भाद्रपदातच असतं. गावाकडं अण्णांचे उपास चाललेले. पर्व संपलं की पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या पाया पडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची, अशी रीत. लहान मोठ्याची मागतो, मोठा लहानाची मागतो. कीर्तीला घरी जायचंच होतं.

"आजी, तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी येऊन काय करू? माझा काय सण हाय?"

"तुम्ही असलात तर मी मधेच पळून येणार नाही."

म्हणून मी गेले. एसटीत ती खिडकीशी बसली, मग माझ्या बाजूला, मग परत खिडकीशी. कराड गेलं, इस्लामपूर गेलं. दोन्हीकडं ऊस, आणि ती प्रत्येक पिवळ्या बेटाकडं वळून बघायची. सांगलीत दुसरी गाडी धरायला विश्रामबागेवरून गेलो तेव्हा तिनं कॉलेज दाखवलं. "इथं असताना मला वाटायचं, कधी बाहेर जाईन," म्हणाली. "आता वाटतं, इथंच उतरावं."

"मी हात धरलाय तुझा. बस गप," मी म्हणाले.

घरात माणसांची वर्दळ होती. जो येई तो वाकून म्हणे, "उत्तम क्षमा." अण्णा सोप्यात चटईवर बसलेले, दहा दिवसांच्या उपासानं गाल आत गेलेले, पण सगळ्यांशी हसून बोलत होते. मला बघून म्हणाले, "आवं, अळूवाल्या बाई आल्या! बसा, बसा."

कीर्ती त्यांच्यासमोर बसली. पाया पडली नाही. नुसती बसली.

"अज्जा, मी मातीचा अभ्यास करत नाही."

आणि तिनं सांगितलं. हुमणी, बुरशी, लाल डबे, निळे डबे, गाजर, अळूचा वाफा. रडली नाही. सांगताना चटईची काडी ओढत होती तेवढंच. शेजारचे दोघे आलेले, ते तसेच उभे राहिले.

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे मी सोडल्यात, ती मेल्यात?"

"दोन-तीन जगल्या."

"आन मी बस्तीत सांगत सुटलोय."

ते उठले. मला वाटलं आत जातात. पण ते माझ्यासमोर आले, धोतर सावरून वाकले आणि हात जोडले. "बाई, तुमच्या परसात मी रोग सोडला. तुमचं अळू गेलं. मला क्षमा करा."

मी गडबडून उठले. "आवं अण्णा, असं काय करताय! मला पाप लावताय व्हय? अळू काय, पावसात परत येतंय."

"तुमी म्हणा की, क्षमा."

"बरं बाबा, क्षमा."

मग ते कीर्तीकडं वळले. ती खाली बघत होती.

"तू परत जाणार?"

"हो."

"परत तेच करणार?"

"हो अज्जा. दीड महिना राहिलाय."

"मला पटत न्हाई," अण्णा म्हणाले. "मारलेलं पटत न्हाई, आन खोटं बोललीस ते त्याहून पटत न्हाई. आज सण हाय म्हणून तोंडानं क्षमा म्हणतो. मनातनं व्हायला येळ लागंल. झाली की मी तुला सांगीन."

"सांगाल ना?"

"मी तुझ्यासारखा लबाड हाय व्हय?" ते म्हणाले. तिथं उभे असलेले दोघे हसले. अण्णा हसले नाहीत.

साताऱ्याला परत आल्यावर मला वाटलं, बोलून टाकलं, आता ही पोर निवळेल. पण आता तिला दुसरीच ओढ लागली. रोज संध्याकाळी जेवण झालं की अण्णांचा फोन यायचा. ते एकच विचारायचे, "आज किती?" ती मेलेल्यांचा आकडा सांगायची. पलीकडं ते काहीतरी मंत्र पुटपुटायचे, आणि "बरं" म्हणून फोन ठेवायचे. खोटा आकडा तिनं एकदाही सांगितला नाही, कारण मी शेजारीच बसलेली असायची. फोन ठेवला की ती माझ्याकडं बघायची, क्षमा झाली का असं विचारल्यासारखी. मी मान हलवायची, अजून नाही. खाट मात्र तिनं आता खिडकीखाली ठेवली ती ठेवली. पाऊस संपला होता.

अळू परत उगवलं. तिनं वाफ्याभोवती दगड लावले आणि मला तिथं खुरपं घालू दिलं नाही.

दिवाळीला ती घरी गेली नाही, शेवटच्या नोंदी राहिल्या होत्या. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. अण्णांचा आवाज खोल गेलेला, खोकत होते. ती आकडा सांगायला तयार होऊन बसली होती. पण त्यांनी विचारलं नाही.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

"हो अज्जा."

"दिवस हुता का?"

"होता."

"बरं. बाईंच्या हातचं खातीस, लय बारीक होऊ नको," म्हणाले, आणि फोन ठेवला.

कीर्ती मोबाईल हातात धरून माझ्याकडं वळली. "आजी, आज किती ते विचारलं नाही. म्हणजे झाली का? हीच ती का?"

मी म्हणाले, "उद्या विचार की त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी फोन तिच्या बापानं उचलला. अण्णा झोपलेत, नंतर कर, म्हणाला. त्यानंतरच्या दिवशीही झोपलेलेच होते. तिनं प्रयोगशाळेत शेवटचा अहवाल दिला, डबे धुवून परत केले आणि एसटी धरली. ती पोचली तेव्हा अण्णांची शुद्ध गेलेली होती.

जिनदत्त पाटील त्याच वर्षी कार्तिक शुद्ध त्रयोदशीला, सकाळी, आपल्या घरी वारले.